पेणची फ्लॉपी आणि ओटीवरचा पाहुणा

विमलबाईंना चहा नको असला की त्या खुर्चीवरून उठत, दुकानाच्या बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहत आणि तिथून आत तोंड करून सांगत, "नको रे निकेश, आत्ताच झालाय." मग परत आत येऊन कामाला बसत. रोह्याच्या बाजारपेठेतल्या त्या एवढ्याशा दुकानाचा मालक निकेश म्हणायचा, काकूंचं घर कुंडलिका नदीपलीकडे अष्टमी गावात, त्यांना नदीच्या वाऱ्याची सवय, आत कोंदट वाटत असेल. त्यानं त्यांच्यासाठी एक टेबलफॅन आणला. विमलबाईंनी फॅनला हळदकुंकू वाहिलं, तो चालूही ठेवला, पण नको म्हणायला पायरीवर जायचं काही सोडलं नाही.

खरं कारण निकेशला पुढे कळलं. ते कळेपर्यंत अर्ध्या तालुक्याची लग्नं एकाच नवऱ्याशी लागायची वेळ आली होती.

विमलबाई माहेरी असताना टायपिंगची परीक्षा पास झालेल्या होत्या. मग लग्न झालं, घर आलं, सासूबाई आल्या, यजमानांच्या कंपनीतल्या शिफ्टप्रमाणे डबे भरण्यात वर्षं गेली. निकेशची आई त्यांच्या भजनी मंडळातली. एका एकादशीला भजन संपल्यावर ती म्हणाली, "विमल, आमच्या पोरानं कॉम्प्युटर घेतलाय. लग्नपत्रिका छापतो. त्याला मराठी शुद्ध लिहिणारं कुणी मिळत नाही." विमलबाईंनी घरी विचारलं. यजमान म्हणाले, "बघ तुला झेपलं तर." सासूबाई इंदुबाई म्हणाल्या, "जा गो. दुपारची नुसती माशा मारतेस ती तिथं मार."

झालं. रोज सकाळी पूजा उरकून, पुलावरून चालत येताना धावीर महाराजांच्या देवळाच्या दिशेनं हात जोडून विमलबाई दुकानात हजर. चपला बाहेर, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नसे, आणि विमलबाईंच्या मते तर ते बरोबरच होतं. जिथे दिवसभर कुलस्वामिनी प्रसन्न आणि गणेशाय नमः लिहायचं तिथे चपला घालून बसतं कोण?

ती खुर्ची त्यांना फार आवडे. टेकू मोडलेली, एक चाक रुसलेलं, पण त्या खुर्चीत बसून त्या नवऱ्यामुलाचं आणि नवरीचं नाव पहिल्यांदा शेजारीशेजारी लिहीत. घरच्यांनी ती नावं कागदावर खरडून आणलेली असत, एक वर, एक खाली, मध्ये हुंड्यासारखी आडवी आलेली रेघ. पडद्यावर ती जवळ येत ती विमलबाईंच्या बोटांखाली. नावं जुळली की त्या क्षणभर हात जोडत. त्या लग्नातली पहिली अक्षता आपणच टाकली, असं त्या कुणाला सांगत नसत, पण समजत जरूर.

आणि एवढ्यासाठीच ती पायरी. विमलबाईंच्या आईनं लहानपणी शिकवलेलं, शुभाचा कागद समोर असला की त्याच्यापुढे "नाही" म्हणायचं नाही, "नको" तर मुळीच नाही. पडद्यावर कुणाचं तरी लग्न उघडलेलं असताना "चहा नको" कसं म्हणणार? म्हणून बाहेर.

आता निकेशचं सांगायला हवं. पोरगा हुशार. मुंबईला कोर्स करून आला होता, आणि मराठी लिहायचा एक प्रोग्रॅम त्यानं स्वतः तयार केला होता. नाव ठेवलं कुंडलिका. मशीनमध्ये मराठीचं कार्ड बसवायचं, कुंडलिका चालू करायची, की अक्षरं पाण्यासारखी वाहतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. रोह्याला त्याच्या दुकानात, पेणला एका दुकानात आणि माणगावला एका, अशी ती कुंडलिका चाले. तिच्यात एक सोय होती. मजकुराच्या पोटात आदेश लपवून ठेवता येत. म्हणजे फाईल उघडली की महिरप आपोआप काढ, नाव मोठं कर, तारीख खाली घे. आणि असली आदेशवाली फाईल बाहेरून आली, तर उघडण्याआधी कुंडलिका पडद्याच्या मधोमध एक चौकट काढून विचारत असे.

"सुरक्षा सूचना. बाह्य आदेश आढळले. अंमलबजावणी रोखू नये काय? हो / नाही."

निकेशला हे वाक्य फार आवडे. कॉम्प्युटरनं कसं तहसील कचेरीसारखं बोललं पाहिजे, असं त्याचं मत.

पंच्याण्णव सालचा वैशाख. लग्नांची नुसती झुंबड. पेणच्या दुकानातला प्रिंटर बसला, म्हणून तिथला ऑपरेटर मिथुन यानं एक फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन रोह्याला पाठवली. सोबत निरोप: एवढी पत्रिका छापून द्या, गिऱ्हाईक खाडीकडचं आहे, नवरा काळुराम, नवरी रोशनी.

निकेश शाईच्या भानगडीत होता. विमलबाईंनी फ्लॉपी घातली, फाईल उघडली. मागे श्री गणेशाय नमः दिसतंय आणि पुढे चौकट: रोखू नये काय?

शुभाच्या कागदापुढे विमलबाई काय म्हणणार? हो.

मशीन थोडं घुरघुरलं. काळुराम आणि रोशनीची पत्रिका छान महिरपीत उघडली. विमलबाईंनी हात जोडले, ती छापून घेतली आणि पुढच्या कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कोलाडकडचे हैबतराव आपल्या मुलाच्या पत्रिकेचा नमुना तपासायला आले. नाकावर चष्मा, हातात छत्री, बोटाला चुना. निकेशनं कागद छापून पुढे ठेवला. हैबतरावांनी एकदा वाचला. परत वाचला. मग छत्री टेबलावर आडवी ठेवली.

"निकेशशेट, आमच्या महेंद्राचं नाव काळुराम कवा ठेवलंव?"

"काय झालं?"

"आन् ही रोशनी कोन? आमी सून पाहिली तिचं नाव सुवर्णा. पोरगी बदलायची तर निदान विचारायचं तरी!"

निकेश हसला, कुठली तरी दुसरी फाईल आली असेल म्हणाला, आणि हैबतरावांची फाईल परत उघडली. काळुराम, रोशनी. शेजारची उघडली. काळुराम, रोशनी. त्याच्या पुढची. तांबडी गावचं लग्न, खांबचं लग्न, धाटावचं लग्न, रोह्यातल्या दोन मुंजी, एवढंच काय, एका पतपेढीच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका, सगळीकडे मामाकडची मंडळी निराळी, मांडव निराळा, पण नवरा काळुराम आणि नवरी रोशनी.

"उद्घाटन कोन करनार? काळुरामच?" हैबतरावांनी वाकून विचारलं. त्यांना आता मजा यायला लागली होती.

निकेशला मुळीच मजा येत नव्हती. त्यानं एस.टी.डी. बूथवरून पेणला फोन लावला. मिथुन पलीकडून अगदी थंडपणे म्हणाला, "अरे, तो आदेश मीच घातलाय. सोय म्हणून. आमच्याकडे एका लग्नाची एक फ्लॉपी असते ना. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, चार पत्रिका. एका ठिकाणी नाव लिहिलं की चारी ठिकाणी बदलतं. तुझ्याकडे नाय तसं?"

"माझ्याकडे सगळी लग्नं एकाच डिस्कवर असतात रे!"

"मग विचारलं नाय तुला मशीननं?"

निकेशनं फोन ठेवला आणि दुकानात येऊन विमलबाईंना विचारलं, "काकू, काल चौकट आली होती का?"

"आली होती."

"आणि तुम्ही?"

"हो म्हटलं."

"काकू! एवढं स्पष्ट लिहिलंय! हो का म्हटलंत?"

विमलबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे कुणाचं तरी लग्न अजून उघडंच होतं. त्या उठून पायरीवर जाणार होत्या, पण पायरीवर हैबतराव पान जुळवत बसलेले. त्यामुळे त्यांनी काहीच सांगितलं नाही. निकेशनं त्याचा अर्थ भलताच घेतला. तो चिडका नव्हता, पण वैशाख होता, आणि गिऱ्हाइकं रांगेत होती.

"काकू, राग मानू नका. उद्यापासून तुम्ही मशीनला हात लावू नका. तिकडे बाकावर बसून शुद्धलेखन तपासा. मशीन मी बघतो."

बरं म्हणून विमलबाई उठल्या. तारेला खोचून ठेवलेले गिऱ्हाइकांच्या हस्ताक्षरातले कागद त्यांनी काढून दिले, ते वाचून दाखवले, आणि निकेशनं दोन बोटांनी टकटक करत सगळी लग्नं पुन्हा लिहायला घेतली. "नवरीचं नाव?" "सुवर्णा." "वर लिहू का खाली?" विमलबाईंना बाकावर बसून ते बघवेना. ज्या हातानं जोड्या जुळवल्या त्याच हातानं आपण त्या मोडल्या, आणि आता पुन्हा जुळवायलाही हात लावायचा नाही. खुर्चीचं रुसलेलं चाक निकेशच्या वजनानं कुईकुई करत होतं. ती खुर्ची त्यांच्या इतकी मनात बसली होती, हे त्यांना त्या बाकावर बसल्यावर कळलं.

घरी गेल्या त्या ओटीवरच बसल्या. इंदुबाई तिथे सुपात तांदूळ निवडत होत्या.

"तोंड का गो सुकलंय?"

"काय नाही, ऊन लागलं."

"ऊन रोजचाच हाय."

एवढ्यात अंगणात एक माणूस आला. पाठीवर खोका, गळ्यात टाय, घामानं निथळलेला. मिक्सर विकत होता.

"आजी, कंपनीचा माल आहे. आत प्लग असेल ना? आत येतो, चटणी वाटून दाखवतो, तुम्ही बघाच."

"ये बाबा, बस," इंदुबाई म्हणाल्या. "हितंच ओटीवर बस. विमल, पानी आन गो त्याला."

विमलबाईंनी पाणी आणलं. तो प्यायला, आणि पुन्हा उठायला लागला. "आत चला आजी, चालवल्याशिवाय कळायचं नाही."

"चालवायचा मग बगू. आदी सांग, कुठला तू?"

"पनवेलचा."

"कुनी धाडला?"

"कंपनीनं."

"खोक्यात काय काय हाय? काड, बगू दे. हितंच मांड."

त्यानं भांडी काढली, पाती काढली, झाकणं काढली. इंदुबाईंनी एकेक हातात घेऊन बघितलं, वाहवा म्हटलं, पातं बोटानं चाचपलं. तो तीनदा "आत" म्हणाला आणि इंदुबाई तीनदा "बस की रं बाबा, गूळ खा" म्हणाल्या. शेवटी त्यानं आपणच सगळं खोक्यात भरलं, हसत नमस्कार केला आणि पुढच्या घरी गेला. "नाही" हा शब्द सबंध वेळात कुणाच्या तोंडून निघाला नव्हता, आणि मिक्सर उंबऱ्याच्या आत गेला नव्हता.

विमलबाई रिकामा तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग एकदम हसायला लागल्या.

"काय झालं गो?"

"आई, त्याला आत का नाही घेतलंत?"

"वळख ना पाळख, घरात कशाला? पन दारातनं हाकलायचा बी कशाला? वटी कशाला हाय मग?"

दुसऱ्या दिवशी विमलबाई दुकानात आल्या त्या बाकावर न बसता उभ्याच राहिल्या. निकेश मशीनसमोर डोकं धरून बसला होता. त्यानं रात्री जागून नवी चौकट केली होती. आता कुणी चुकायला नको, म्हणून त्यात सगळं घातलेलं. सूचना, पोटसूचना, धोका, परिणाम, जबाबदारी कुणाची, दुकान जबाबदार नाही. पडदा भरून मजकूर.

"वाचा काकू. आता तरी स्पष्ट आहे ना?"

विमलबाई वाकून वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत गेल्या, आणि बोट आपोआप एंटरवर पडलं.

"वाचलंत सगळं?"

"सुरुवात वाचली. पुढे सत्यनारायणाच्या पोथीएवढं आहे रे. पोथी ऐकताना तरी सगळे कुठे ऐकतात? प्रसादाची वाट बघतात."

निकेशनं हात टेकले. मग विमलबाई म्हणाल्या, "जरा बाहेर ये, पायरीवर." आणि तिथे, रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात, शुभाचा कागद पाठीमागे ठेवून, त्यांनी त्याला सांगितलं, आपण हो का म्हटलं ते. आईची शिकवण, चहा, सगळं.

निकेश आधी हसला. फॅनची आठवण होऊन आणखी हसला. मग हसता हसता थांबला. "म्हणजे मी चौकट कितीही चांगली लिहिली तरी तुम्ही नाही म्हणणारच नाही?"

"लग्नापुढे? कशी म्हणू?"

"मिथुनला काल रात्री परत फोन केला होता," निकेश जरा खालच्या आवाजात म्हणाला. "त्याला विचारलं, तू काय करतोस चौकट आली की? तो म्हणाला, मी वाचतच नाय, एंटरवर बोट ठेवूनच बसतो. त्याला तर देवाचंही कारण नाही." पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू काकू? रोखू नये काय, हो, म्हणजे रोखायचं का सोडायचं, ते काल मलाच दोनदा वाचावं लागलं."

"हो-नाही विचारूच नको," विमलबाई म्हणाल्या. "दोन जागा दाखव. ओटी आणि घर. पाहुणा आला की आमच्या सासूबाई हाकलत नाहीत आणि आतही घेत नाहीत. कुठला, कुणी धाडला, खोक्यात काय, एवढं विचारतात आणि ओटीवर बसवतात. तिथे बसून बघायचं सगळं. चालवायचं नाही."

निकेश आत गेला तो थेट खुर्चीत. विमलबाईंनी बाकावरून कागद ओढून मजकूर लिहायला घेतला. त्यांचा पहिला खर्डा "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" असा सुरू झाला, तो निकेशनं खोडला. निकेशनं "अविश्वसनीय स्रोत" असं लिहिलं, ते विमलबाईंनी खोडलं. "अविश्वसनीय कुणाला म्हणतोस? मिथुन आहे तो. नुसता पेणचा आहे." दुपारपर्यंत खोडाखोड चालली, आणि शेवटी एवढंच उरलं:

"ही फाईल पेणहून आली आहे. सोबत आदेश आणले आहेत: इतर पत्रिकांतली नावे बदलणे. ओटीवर बसवू (फक्त वाचू) की घरात घेऊ (आदेश चालू देऊ)?"

नुसतं एंटर दाबलं तर पाहुणा ओटीवर. घरात घ्यायचा तर "घरात" हा सबंध शब्द लिहायचा. म्हणजे झोपेत बोट पडलं तरी उंबरा ओलांडायचा नाही.

संध्याकाळी हैबतराव दुरुस्त पत्रिका न्यायला आले. निकेशनं त्यांना मुद्दाम खुर्चीत बसवलं आणि पेणची तीच फ्लॉपी पुन्हा घातली. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसलेले हैबतराव चष्मा सावरून मोठ्यानं वाचायला लागले. "पेनहून आली हाय... इतर पत्रिकांतली नावं बदलनं..." आणि एकदम मान वर करून, "हा त्योच काळुराम ना? आमची सून पळवनारा? बसव त्याला वटीवर! पानी बी देऊ नको!"

दुकानभर हसू पिकलं. निकेशनं एंटर दाबलं. काळुराम आणि रोशनीची पत्रिका उघडली, महिरपीशिवाय, साधी, नुसती अक्षरं. मग त्यानं एकेक करून बाकीची लग्नं उघडून दाखवली. सुवर्णा सुवर्णाच होती. महेंद्र महेंद्रच होता. पतपेढीचं उद्घाटन ज्याचं त्यालाच करायचं होतं.

हैबतराव पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून गेले. निकेश खुर्चीवरून उठला, तिची मोडकी पाठ हातानं पुसली आणि म्हणाला, "बसा काकू. मिथुनची दुसरी फ्लॉपी आलीय. तुम्हीच उघडा."

विमलबाई बसल्या. चाक कुरकुरलं, पण त्यांच्याशी त्याची जुनी ओळख होती. फ्लॉपी घातली, चौकट आली, मागे श्री गणेशाय नमः. विमलबाईंनी चौकट शेवटपर्यंत वाचली, दोनच ओळींची तर होती. मग शांतपणे एंटर दाबलं आणि हात जोडले.

चार दिवसांनी खरी रोशनी आपल्या वडिलांबरोबर पत्रिका घ्यायला थेट रोह्यालाच आली. निकेशनं तिला सगळा किस्सा सांगितला. वडील कानकोंडे झाले. रोशनी पदरात तोंड लपवून हसली आणि म्हणाली, "बरा झाला. सगल्या तालुक्यात तोच नवरा व्हता, तरी मीच त्याची खरी हाय." विमलबाईंनी तिच्या हातात गठ्ठा देताना वरच्या पत्रिकेला हळदकुंकू लावून दिलं.

मंडळी गेली आणि निकेश चहाचे ग्लास घेऊन आला. विमलबाईंच्या पडद्यावर तांबडीचं लग्न उघडलेलं, नवरीच्या मामांची नावं अर्धी लिहून झालेली. चहा तर नको होता, आत्ताच झाला होता. निकेश सवयीनं दाराच्या वाटेतून बाजूला झाला, काकू पायरीवर जातील म्हणून.

विमलबाई जागच्या हलल्या नाहीत. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी डाव्या हातानं बाकाकडे दाखवलं.

"ठेव तिकडे, ओटीवर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मामांचं नाव लिहायला लागल्या.